एक खोली, दोन खाटा, चार चौकटी

26 ऑक्टोबर 1970 रोजी अमेरिकेतील सुमारे दोन डझन वृत्तपत्रांत एक नवी चित्रमालिका सुरू झाली. पहिल्या दिवशी तिच्यात घडते ते फारच थोडे. महाविद्यालयाच्या वसतिगृहातील एका खोलीत एक धट्टाकट्टा तरुण खुर्चीत बसला आहे. त्याच्या डोक्यावर अमेरिकन फुटबॉल खेळताना घालतात तसे शिरस्त्राण आहे आणि खोलीत निवांत बसतानाही त्याने ते काढलेले नाही. आपल्या खोलीत राहायला येणारा सोबती संगणकाने निवडला आहे, तेव्हा तो आपल्या तोडीस तोड असणार, अशी त्याची खात्री आहे. तेवढ्यात दार उघडते आणि चष्मा लावलेला, मोठ्या नाकाचा, स्वतःच्या रूपागुणांविषयी भलताच गोड गैरसमज बाळगणारा एक मुलगा हसतमुखाने आत येतो. संगणकात अद्याप पुष्कळ दुरुस्त्या व्हायच्या आहेत, एवढे त्या शिरस्त्राणवाल्याच्या ध्यानात येते.

ही मालिका म्हणजे ‘डून्सबरी’. ती काढणारे गॅरी ट्रूडो त्या वेळी अवघे 22 वर्षांचे होते. पुढे 1975 साली याच मालिकेसाठी त्यांना व्यंगचित्राचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. दैनिक चित्रमालिकेला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. राजकारण, युद्ध, निवडणुका हे सारे त्या मालिकेत पुढे आले. परंतु आरंभ झाला तो एका खोलीपासून, आणि एकमेकांना न निवडलेल्या दोन मुलांपासून.

मुलाला किंवा मुलीला वसतिगृहात पोहोचवून परतलेल्या आईवडिलांच्या पहिल्या फोनमध्ये जेवणाच्या चौकशीखालोखाल एकच प्रश्न असतो : रूम पार्टनर कसा आहे? उत्तर बहुधा ‘बरा आहे’ एवढेच मिळते. खरे उत्तर पुढच्या तीन-चार वर्षांत तुकड्यातुकड्यांनी कानावर येते. तो पहाटे पाचचा गजर लावतो आणि स्वतः सोडून साऱ्या मजल्याला उठवतो. ओला टॉवेल दुसऱ्याच्या खुर्चीवर टाकतो. बादली नेतो ती परत आणत नाही. घरून आलेला डबा ‘फक्त चव पाहतो’ म्हणून उघडतो आणि तळ दिसेपर्यंत चव पाहतच राहतो. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ताप चढला तेव्हा उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवणाराही तोच असतो. रक्ताचे नाते नाही, पूर्वीची ओळख नाही, आवडीनिवडी जुळत नाहीत, आणि तरीही एकाच छताखाली झोपायचे. विनोदाला याहून चांगली जमीन शोधून सापडणार नाही.

महाराष्ट्राला या जीवनाची ओळख जुनी आहे. कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग 1901 साली सुरू झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांचेही विद्यार्थिदशेतील काही काळ वास्तव्य तेथे होते. बोर्डिंगमधल्या गमती माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत आजही रंगवून सांगितल्या जातात. त्या सांगितल्या जातात, क्वचित लिहिल्या जातात, काढल्या मात्र फारशा जात नाहीत. ज्या हातांत आज मोबाईल आणि पेन-टॅब्लेट आहे, त्या पिढीला हे काम खुणावू लागले असेल, तर त्याआधी ज्यांनी ते केले त्यांच्याकडे एकदा पाहून घेणे उपयोगाचे ठरेल.

‘डून्सबरी’चे मूळ येल विद्यापीठात आहे. 1968 साली ‘येल डेली न्यूज’ या विद्यार्थी दैनिकात ट्रूडो ‘बुल टेल्स’ नावाची चित्रमालिका काढू लागले. शिरस्त्राणवाला बी. डी. तेथेच जन्मला. ही आद्याक्षरे उसनी होती : येलच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक ब्रायन डाउलिंग याची. नोव्हेंबर 1968 मध्ये येल आणि हार्वर्ड यांच्यातील 29–29 असा बरोबरीत सुटलेला सामना अमेरिकेत अजूनही आठवला जातो. डाउलिंग त्या येल संघाचा नायक होता. म्हणजे ट्रूडो यांनी थट्टेसाठी विद्यापीठातला कोणी दुबळा, एकाकी मुलगा निवडला नाही. ज्याच्यासाठी सारे प्रेक्षागृह उभे राहून टाळ्या वाजवते, त्यालाच त्यांनी खोलीत शिरस्त्राण घालून बसवले.

दुसऱ्या मुलाचे नाव अधिक गमतीचे आहे. तेथील खासगी शाळांतल्या मुलांच्या बोलीत ‘डून’ म्हणजे वेंधळा, कशाचा पत्ता नसलेला. हा शब्द घेऊन ट्रूडो यांनी त्याला शेपूट जोडले ते चार्ल्स पिल्सबरी या आपल्या येलमधील रूममेटच्या आडनावाचे. ज्या पिल्सबरी नावाचे गव्हाचे पीठ आज भारतातल्या दुकानांतही दिसते, तेच हे आडनाव. वेंधळेपणा आणि खोलीतला मित्र यांच्या जोडातून तयार झालेले हे नाव अर्ध्या शतकाहून अधिक काळ वृत्तपत्रांत छापून येत आहे. मित्राची थट्टा एवढी दीर्घायुषी होईल, हे त्या वयात कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

विद्यार्थी दैनिकाचा हा मार्ग पुढे इंटरनेटकडे वळला. बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठाच्या परिसरातील जीवनावर हान्स ब्योर्डाल यांनी काढलेली ‘व्हेअर द बफेलो रोम’ ही मालिका 1990 च्या दशकाच्या अगदी आरंभी, ‘वेब’ हा शब्द सामान्य माणसाच्या कानावरही पडला नव्हता तेव्हा, इंटरनेटवरून वाचकांपर्यंत जाऊ लागली होती. 1997 हे वर्ष तर विशेषच म्हणावे लागेल. त्या वर्षी इंडियाना विद्यापीठात डेव्हिड विलिस यांची ‘रूमीज!’ सुरू झाली. नावातच ‘रूममेट’ होता. त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये यंत्र अभियांत्रिकीचे संशोधन करणारे होर्हे चाम यांनी ‘स्टॅनफर्ड डेली’त पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या हालअपेष्टांवर ‘पाइल्ड हायर अँड डीपर’ काढायला घेतले. प्रबंध पुढे सरकत नाही, मार्गदर्शक सापडत नाहीत, आणि चर्चासत्राला जायचे ते तेथे फुकट खायला मिळते म्हणून! हे विनोद स्टॅनफर्डच्या कुंपणात मावणारे नव्हते. वेबवर गेल्यावर जगभरच्या प्रयोगशाळांच्या दारांवर त्यांच्या प्रती चिकटलेल्या दिसू लागल्या.

वेबने चित्रकाराला काय दिले? संपादकाची परवानगी नको, छपाईचा खर्च नको, तीन चौकटींतच आटोपायचे बंधन नको. वाचकाला आजची पट्टी आवडली तर तो मागे मागे जात पहिल्या दिवसापर्यंत पोहोचू शकतो. चित्रकलेच्या पदवीची अटही राहिली नाही. रँडल मन्रो यांनी 2005 साली ‘एक्सकेसीडी’ सुरू केले तेव्हा त्यात होती ती वर्गाच्या वह्यांमध्ये गिरवलेली चित्रे, नुसती स्कॅन केलेली. पुढे त्या मालिकेत माणसे काड्यांचीच राहिली. गोल डोके, एक रेघ धडाची, चार रेघा हातापायांच्या. वाचक कमी झाले नाहीत.

तेव्हा ‘चित्र चांगले येत नाही’ ही सबब फारशी टिकत नाही. अडचण निराळीच असते. खोलीत घडलेली गंमत मित्रांना सांगताना हसू येते, आणि कागदावर उतरवली की ती मरते. हे का होते ते एखाद्या आपल्या ओळखीच्या खोलीत डोकावून पाहिले तर लवकर उमगते.

समजा, पुण्यात शिकणारी दोन मुले आहेत. एक नागपूरचा, दुसरा जयसिंगपूरचा. नागपूरकर चित्रे काढतो, रात्री दोनपर्यंत जागतो आणि दुपारी झोपतो. जयसिंगपूरकर जैन घरातला आहे. सूर्यास्तापूर्वी जेवतो, कंदमुळे खात नाही. मेसचा डबा रात्री आठला येतो आणि डिसेंबरात पुण्याचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे त्याने मेसवाल्या काकूंना विनवून आपला डबा लवकर मिळवण्याची सोय केलेली आहे. दोघांच्या दिनक्रमाची ही विसंगतीच विनोदाचा कच्चा माल होय.

नवशिका नागपूरकर पहिली पट्टी काढेल ती बहुधा अशी : मित्र घड्याळाकडे पाहत घाबराघुबरा धावतो आहे, घास कोंबतो आहे, खिडकीबाहेर सूर्य बुडतो आहे, आणि शेवटच्या चौकटीत लेखकमहाशय लोळत पडून काहीतरी शेरा मारत आहेत. यात हसू येईल, परंतु ओशाळे. मित्राचा नियम काय, तो कशासाठी पाळतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याला चित्रात केवळ एक विचित्र माणूस दिसेल. ज्याला ठाऊक आहे त्याला ते खटकेल. शिवाय मुळात ते खोटे आहे. जो मुलगा लहानपणापासून असाच जेवत आला तो धावत नाही. तो शांतपणे साडेपाचला ताट वाढून घेतो.

आता तीच खोली दुसऱ्या बाजूने पाहावी. पहिली चौकट : जयसिंगपूरकर खाली मांडी घालून जेवत बसला आहे, समोरच्या खाटेवर चादरीचा एक ढीग आहे. दुसरी : ढिगातून विस्कटलेले डोके बाहेर येते आणि विचारते, “इतक्या सकाळी सकाळी नाश्ता करून राहिला बे?” तिसरी : ते डोके घाईघाईने ब्रश, टॉवेल, बादली घेऊन दाराबाहेर पळते. चौथी : जयसिंगपूरकराचा हात घासासह हवेत थांबला आहे, नजर दाराकडे आहे आणि खिडकीतून संध्याकाळचे तिरपे ऊन आले आहे. चौथ्या चौकटीत एकही शब्द नाही.

गंमत तीच, माणसेही तीच, परंतु हसे झाले ते चित्रकाराचे. मित्राच्या आहाराचे कोठे स्पष्टीकरण नाही. तो त्याच्या जागी स्वाभाविकपणे जेवतो आहे आणि ज्याचे घड्याळ बिघडले आहे तो दुसराच आहे. रूममेटवरच्या चांगल्या पट्ट्या बव्हंशी अशा असतात. चित्र काढणारा खोलीतला एक डोळा असतो खरा, परंतु त्या डोळ्यालाही चेहरा असतो आणि तो इतरांहून अधिक हास्यास्पद निघाला तर पट्टी निभावते.

शेवटच्या चौकटीतले मौन हेही शिकण्यासारखे आहे. शि. द. फडणीस यांची शब्दविरहित हास्यचित्रे पाहत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला ते समजावून सांगण्याची गरज नाही. नव्या चित्रकाराला मात्र भय वाटते, वाचकाला कळले नाही तर? मग तो शेवटच्या फुग्यात “अरे, संध्याकाळ आहे ही!” असे लिहून मोकळा होतो आणि चढवलेला विनोद स्वतःच उतरवतो. कच्च्या आराखड्यातला शेवटचा फुगा झाकून पाहावा. पट्टी तरीही कळत असेल तर तो फुगा खोडावा.

नंतर येते ते पुनरावृत्तीचे तंत्र. मेसच्या भाजीत बटाटा आठवड्यातून चारदा असणार. जयसिंगपूरकर आपल्या वाटीतले बटाटे न बोलता नागपूरकराच्या ताटात टाकतो. हे एकदा दाखवले तर ती एक बारीकशी नोंद होते. दर दोन-तीन पट्ट्यांनी, मुख्य गोष्ट भलतीच चालू असताना, कोपऱ्यात तो चमचा या ताटातून त्या ताटात जाताना दिसत राहिला तर वाचक त्याची वाट पाहू लागतो. सत्र संपेपर्यंत नागपूरकराचा टी-शर्ट पोटावर ताणलेला दिसू लागतो. यावर कोणीही काही बोलत नाही. दिवाळीला घरी गेल्यावर आई म्हणते, “मेसचं जेवण मानवलं रे तुला!” त्या एका वाक्यासाठी चार महिने चमचा हलत ठेवायचा. बी. डी. चे शिरस्त्राण हीदेखील अशीच एक न संपणारी पुनरावृत्ती होती. शिवाय त्या शिरस्त्राणामुळे पात्र दुरूनही ओळखू येई, हा फायदा वेगळाच. अंगठ्याच्या नखाएवढ्या चित्रात चेहऱ्याचे बारकावे दिसत नाहीत; एकाचे केस, दुसऱ्याची उंची, तिसरीची ओढणी एवढ्यावरच ओळख पटवावी लागते.

मराठीत पट्टी काढणाऱ्याला दोन गोष्टी जास्त सांभाळाव्या लागतात. एक, अक्षरे. रोमन मोठ्या लिपीतली सारी अक्षरे एका उंचीची असतात, म्हणून इंग्रजी संवाद फुग्यात घट्ट बसतात. देवनागरीला शिरोरेखेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. म्हणून फुगा मोठा धरावा लागतो, किंवा वाक्य लहान करावे लागते. दुसरा उपाय चांगला. वाचणारे बहुतेकजण मोबाईलवर वाचतात. चार चौकटी शेजारी शेजारी ठेवल्या तर त्या पडद्यावर मुंगीएवढ्या होतात. त्यामुळे आता चौकटी एकीखाली एक ठेवून बोटाने सरकवत वाचण्याची रीत रूढ झाली आहे. कोरियातील वेबटूनने ती जगभर नेली. या रीतीत दोन चौकटींमधली मोकळी जागा म्हणजे वेळ असतो. डोके चादरीतून बाहेर येणे आणि दाराबाहेर पळणे यांत बोटभर अंतर ठेवले तर घाई दिसते. शेवटच्या मौनापूर्वी हातभर अंतर सोडले तर शांतता ऐकू येते.

दुसरी गोष्ट बोलीची. नागपूरचा मुलगा “काय करून राहिला बे” म्हणतो, जयसिंगपूरचा “काय करालायस” म्हणतो. दोघांच्याही तोंडी पाठ्यपुस्तकातली भाषा घातली तर खोलीत चार भिंती उरतात, माणसे निघून जातात. बोली मात्र हसण्यासाठी वापरली जाऊ नये. ती ओळखीसाठी असावी. मुलगा विनोदी असतो तो काय म्हणतो त्यामुळे. कसे म्हणतो त्यामुळे तो जिवंत होतो.

मग उरतो तो रोजचा रगाडा. पेन्सिलीने आराखडा, त्यावर शाई किंवा टॅब्लेटवरची रेघ, अक्षरे, रंग, आणि ठरल्या वारी प्रकाशन. पहिल्या पंधरा पट्ट्या उत्साहात निघतात. त्यानंतर अंतर्गत परीक्षा येते. अनुभवी चित्रकार म्हणूनच मालिका सुरू करण्याआधी काही पट्ट्या साठवून ठेवतात. लोणच्याच्या बरणीसारखा तो साठा असतो. आजारपणात आणि परीक्षेत त्यातून काढायचे आणि सुट्टीत पुन्हा भरायचे. जवळ एक छोटी वही हवी. गंमत घडल्या घडल्या दोन ओळींत टिपली नाही तर रात्रीपर्यंत तिचे नेमके शब्द निसटतात, आणि नेमक्या शब्दांखेरीज त्या गमतीत काही नसते.

ती वही ही मात्र जपून वापरण्याची वस्तू आहे. ‘येल डेली न्यूज’मधली पट्टी दुसऱ्या दिवशी जुनी होत असे, तिचे वाचक विद्यापीठाच्या आवारात असत आणि ज्याची थट्टा झाली तो भोजनगृहात भेटून हिशेब चुकता करू शके. वेबवरची पट्टी तशी मावळत नाही. एकोणिसाव्या वर्षी मित्राने केलेला मूर्खपणा त्याच्या तिसाव्या वर्षीही शोधून काढता येतो. नोकरी देणाऱ्याला, सोयरीक पाहणाऱ्याला, कोणालाही. खोलीत जे घडते ते सारे विनोदाचे नसते. एखाद्याच्या घरून पैसे वेळेवर येत नाहीत. एखादी रात्री उशीत तोंड खुपसून रडते. कोणाचा विषय राहिलेला असतो आणि ते घरी कळवलेले नसते. या गोष्टी रूममेटला कळतात, कारण त्याच्यापासून लपवायला जागाच नसते. त्याने त्या पाहिल्या म्हणून त्या त्याच्या मालकीच्या होत नाहीत.

आणि यात व्यवहारही आहे. ज्याच्यावर पट्टी निघते तो पहिल्यांदा मोकळेपणाने हसतो, मित्रांना दाखवतो. तिसऱ्यांदा थोडे कमी हसतो. पाचव्यांदा विचारतो, “हे पण टाकणार काय तू?” त्यानंतर तो खोलीत जपून बोलू लागतो, फोन आला की बाहेर जातो. चित्रकाराचा मित्र तर जातोच, पण विहीरही आटते. अनेकांनी यावर निरनिराळे तोडगे काढले आहेत. चाम यांनी आपल्या नायकाला नावच दिले नाही. काही जण दोन-तीन मित्रांचे गुण एकत्र करून एक पात्र घडवतात, गाव बदलतात, मुलाच्या जागी मुलगी ठेवतात. सर्वांत साधा उपाय म्हणजे कच्चा आराखडा आधी खोलीतच दाखवणे. जी पट्टी मित्र स्वतःच्या कपाटाच्या दाराला चिकटवील ती बाहेर जायला हरकत नाही. कित्येकदा तोच सुचवतो, “असं नाही झालं, मी असं म्हणालो होतो,” आणि त्याचे वाक्य अधिक विनोदी असते.

एक प्रश्न प्रत्येक मालिकेला कधी ना कधी गाठतोच : ही मुले पदवीधर केव्हा होणार? 1991 पासून मराठी घरांत वाढलेला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ कधी मोठा झाला नाही, आणि कोणाची तक्रारही नव्हती. लहान मुलाला ते शोभते. वसतिगृहाच्या खोलीला मात्र शेवटची तारीख असते. खोली रिकामी करायची आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. डेव्हिड विलिस यांनी 2010 साली आपली जुनी पात्रे पुन्हा पहिल्या वर्षाला आणून ‘डम्बिंग ऑफ एज’ ही नवी मालिका सुरू केली आणि काळ इतका सावकाश चालवला की पात्रांचे एक सत्र वाचकांच्या कित्येक वर्षांना पुरले. इंग्लंडचे जॉन ॲलिसन यांनी उलट मार्ग धरला. त्यांची एस्थर ही त्यांच्या ‘स्केरी गो राउंड’ या वेबकॉमिकमधली शाळकरी मुलगी. तिला त्यांनी शेफील्ड विद्यापीठात धाडले, वसतिगृहात शेजारच्या खोल्यांत सुझन आणि डेझी यांना आणून ठेवले आणि ‘जायंट डेज’ घडले. फ्लूची साथ, बुरशी धरलेले भाड्याचे घर, परीक्षा, रुसवेफुगवे हे सारे त्यात आहे. प्रारंभी ॲलिसन यांनी ते स्वतःच काढले व छापले. 2015 पासून प्रकाशकाकडून मासिक अंक निघू लागले आणि चित्रे प्रथम लिसा ट्रीमन, नंतर मॅक्स सारिन यांनी काढली. तीन वर्षांचा अभ्यासक्रम 54 अंकांत पूर्ण झाला. 2019 साली या मालिकेला उत्तम मालिका आणि उत्तम विनोदी प्रकाशन असे दोन आयझनर पुरस्कार मिळाले, आणि त्याच वर्षी मुली पदवीधर झाल्या व ॲलिसन यांनी मालिका थांबवली. मागणी असताना थांबवली, हे विशेष.

ट्रूडो यांची मुले मात्र बारा वर्षे महाविद्यालयातच होती. जानेवारी 1983 मध्ये ट्रूडो यांनी मालिका थांबवून सुमारे वीस महिन्यांची सुट्टी घेतली. 1984 मध्ये ते परतले तेव्हा पात्रे पदवीधर झालेली होती. तेव्हापासून ती वाचकांबरोबर वयाने वाढू लागली. नोकऱ्या लागल्या, लग्ने झाली, काही मोडली, मुले झाली, केस विरळ झाले. बी. डी. फुटबॉल सोडून प्रशिक्षक झाला, सैन्यातही गेला. शिरस्त्राण बदलत गेले, कधी खेळाडूचे, कधी सैनिकाचे. डोक्यावरून मात्र ते कधी उतरले नाही. विनोद म्हणून सुरू झालेली ती खूण वाचकांच्या इतकी अंगवळणी पडली होती की तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नसे.

एप्रिल 2004 मध्ये बी. डी. इराकच्या युद्धात जखमी झाला. त्याचा डावा पाय गेला. त्या आठवड्यातील एका चौकटीत तो स्ट्रेचरवर पडलेला दिसतो, आणि वाचकांना प्रथमच त्याचे केस दिसतात.